पलीकडच्या खांबाचा रॉड

अण्णा वेढे मोजत असले की आमच्या घरात कुणी शिंकायचंही नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं भाड्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढची पडवी, आणि त्या पडवीत अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. नदीकाठच्या उसाला पाणी पाजताना जळलेल्या पंपाच्या मोटारी शेतकरी सायकलच्या मागं बांधून, बैलगाडीत घालून आणायचे. त्या उघडल्या की जळक्या व्हार्निशचा वास सगळ्या घराला लागायचा. आईच्या भाकरीला, आमच्या शाळेच्या कपड्यांना, सणाच्या पुरणालासुद्धा तो वास असायचा आणि आम्हाला तो वास आहे हेच माहीत नव्हतं. अण्णा लाकडी साच्यावर तांब्याची तार घालत बसायचे. ओठ हलायचे, आवाज नाही. मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, किंवा चुकला असा नुसता संशय जरी आला, तरी ते घातलेले दीडदोनशे वेढे शांतपणे उसवायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. आई एकदा वैतागून म्हणाली होती, "एखादा वेढा कमी-जास्त झाला तर कोण बघायला येणार हाय आत?" अण्णा म्हणाले, "मोटार बघती की."

डिप्लोमा झाल्यावर मला रेल्वेच्या विद्युतीकरणात शिकाऊ म्हणून घेतलं, तेव्हा अण्णांनी पेठेत अशी हवा केली की जणू मुंबईपासून दिल्लीपर्यंतची तार मीच ओढणार आहे. कोल्हापूरच्या स्टेशनात तेव्हा कोळशाचं इंजिन यायचं. विजेवर चालणारी गाडी अण्णांनी जन्मात पाहिली नव्हती, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते ती समजावून सांगायचे. निघताना आईनं कांदा-लसूण चटणीचा पितळी डबा दिला, वर फडकं बांधून. मिरजेला गाडी बदलून, पुढं पुण्याकडून खानदेशात पोचेपर्यंत डब्यातलं तेल माझ्या पिशवीतल्या दोन्ही शर्टांना लागलं होतं.

आमची छावणी एका लहान स्टेशनापाशी होती. तंबू, पत्र्याची एक शेड आणि बाकी सगळं ऊन. शिकाऊ म्हणजे काय, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. इंजिनिअर आपल्याला कामगार समजतात, कामगार आपल्याला साहेबांचा माणूस समजतात, आणि काम मात्र दोघांचंही करावं लागतं. खड्ड्यांची खोली मोज, खांबांचे नंबर उतरव, तारेची उंची बघ, चहा सांग. कॉलेजात मी विजेची गणितं धडाधड सोडवायचो. इथं हातमोजे घालून साधा नट आवळायची वेळ आली तर नट माझ्या हातून तीनदा खाली पडायचा आणि खालचे खलाशी, म्हणजे टोळीतले मदतनीस, एका सुरात "गेला!" असं ओरडायचे.

तिथं सखातात्या भेटला. टोळीचा लाइनमन, शाहूवाडीकडच्या एका वाडीतला, पन्नाशीच्या आतबाहेरचा, काटक. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी शेडमागं एकटाच डबा उघडून बसलो होतो. वास कुठून आला ते हुंगत तो समोर येऊन उभा राहिला.

"कोल्हापूरचं हाय व्हय पावणं?"

मी मान हलवली. गेले तीन दिवस माझ्याशी कुणी आमच्याकडच्या मराठीत बोललं नव्हतं. त्यानं डब्यात बोट घातलं, चाटलं आणि डोळे मिटले. "आयला, आता खरं जेवान," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही एका ताटात जेवायला लागलो. तो भाकऱ्या थापायचा, चटणी माझी. चार दिवसांत पावण्याचा 'बाळ' झाला. "बाळ, उन्हात डोस्क्याला फडकं बांध." "बाळ, रुळावर बसू नगंस." माझ्या हातून नट पडला की बाकीचे ओरडायचे आणि तो खाली उतरून, नट उचलून माझ्या हातात ठेवायचा. सुट्टी संपवून गावाकडनं परतताना त्यानं दोनदा वाट वाकडी करून माझ्या घरी नव्या तांदळाची पिशवी पोचवली होती. आईनं दोन्ही वेळा त्याला पोटभर जेवू घातलं आणि माझी चौकशी इतकी केली की तो परत येऊन म्हणाला, "तुझ्या आईनं मला कोरटात उभं केलं बघ."

आता ज्या गोष्टीसाठी माझ्या आठवणींचं हे प्रकरण लिहायला घेतलं ती. इतकी वर्षं ती टाळून मी बाकी सगळं लिहिलं आहे, हे माझ्या बायकोनंच मला दाखवून दिलं.

आमच्या कामात एक रीत होती. वरच्या तारेला हात लावण्याआधी, काम जिथं चाललंय त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अर्थिंग रॉड लावायचा. रॉड म्हणजे दोन पुरुष उंचीचा दांडा. त्याच्या टोकाला लोखंडी आकडा, आकड्यापासून खाली आलेली जाड तांब्याची केबल आणि केबलच्या शेवटी रुळाला आवळायचा क्लॅम्प. आधी क्लॅम्प रुळाला, मग आकडा तारेवर. म्हणजे तारेत चुकून काही असलंच तर ते माणसातून न जाता जमिनीत जातं. तार अगदी नवी असली, कधीच चालू केलेली नसली, तरी हे करायचं. कारण शेजारच्या रुळावरची तार चालू असली की तिच्यामुळं या मुक्या तारेतही करंट उतरतो, तिला न शिवता. परीक्षेत या प्रश्नाला वर्गात सर्वांत जास्त गुण मला होते.

त्या दिवशी दोन खांबांमधली तार तोडून नवा सांधा घालायचा होता. शेजारचा रूळ चालू झालेला होता, त्यावरून विजेची इंजिनं जायची. आमच्या बाजूची तार कोरी. सखातात्यानं अलीकडचा रॉड स्वतः लावला आणि पलीकडचा माझ्या खांद्यावर दिला. "त्या तिसऱ्या खांबाला लाव. लावून झाला की हिरवं निशान दाव, मग मी शिडीवर चढतो." मी गेलो. दुपारचं ऊन असं होतं की रुळाला बोट लावलं तर चटका बसावा. क्लॅम्प रुळाला लावला आणि स्क्रू फिरवायला गेलो, तर तो नुसताच गोल फिरायला लागला. आटे झिजून गेले होते. दुसरा क्लॅम्प आणायचा तर शेडपर्यंत जाऊन यायला अर्धा तास, आणि वर स्टोअरवाल्याची बोलणी. त्याहून खरं सांगायचं तर, टोळीसमोरून रिकाम्या हातानं परत जायचं आणि पुन्हा तो "गेला!" ऐकायचा, याची मला लाज वाटली. मी वर तारेकडं पाहिलं. हिच्यातून आजवर कधी करंट गेलेला नाही. अलीकडं तात्याचा रॉड लागलेला आहेच, तार तर एकच आहे. मी रॉड खांबाला टेकवून उभा केला. लांबून तो लावल्यासारखाच दिसत होता. मग मी हिरवं निशाण वर केलं.

तार एक होती, पण ती तोडायला तर आम्ही आलो होतो. तोडली की तिचे दोन तुकडे होणार आणि माझ्याकडचा तुकडा मोकळा राहणार, हे परीक्षेत अव्वल आलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

शिडीची ट्रॉली ढकलत खलाशी खांबांच्या मध्ये आले. सखातात्या वर चढला. तार तोडल्याचा टणकन आवाज मला ऐकू आला. शेजारच्या रुळावर मालगाडी येत होती. तिचं इंजिन माझ्यापुढून गेलं, मी सवयीनं डबे मोजायला लागलो, आणि मग ओरडा ऐकला. वर पाहिलं तर सखातात्या शिडीच्या कठड्यावर पालथा पडलेला आणि त्याचा उजवा हात खाली लोंबत होता. मी धावत सुटलो. चार पावलं गेल्यावर थांबलो, मागं फिरलो, टेकवलेला रॉड उचलला आणि रुळाशेजारच्या खडीत आडवा टाकला. हे मी केलं. घाबरून केलं, विचार न करता केलं, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं. पण रॉड टाकताना मी आधी इकडंतिकडं बघून घेतलं होतं, हे मला आजही लख्ख आठवतं.

त्याचा जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली आणि बाकीची वळेनात. पंधरा दिवसांत चौकशी झाली. टेबलापलीकडून साहेबांनी विचारलं, "रॉड लावला होता?" मी म्हणालो, "हो साहेब." "मग खाली कसा पडला?" "माहीत नाही साहेब. गाडीच्या हादऱ्यानं असेल." त्यांनी झिजलेला क्लॅम्प हातात घेऊन फिरवून पाहिला आणि मान हलवली. निकाल असा लागला की दोन्ही रॉड स्वतः जाऊन तपासणं हे लाइनमनचं काम होतं. त्यानं ते केलं नाही, सबब दोष त्याचा. त्याला कामावरून कमी केलं. माझ्या जबाबाखाली मी सही केली. रात्री झोपही लागली. माणसाला झोप लागते, हे मला तेव्हा समजलं आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

महिन्याभरानं सुट्टी मिळाली म्हणून मी कोल्हापूरला आलो. घरात मी काहीच सांगितलं नव्हतं. आईनं वांग्याची आमटी केली होती, मी दोन घास खाऊन उठलो. ती म्हणाली, "खानदेशात जाऊन ह्याला जेवायचंच विसरलंय." अण्णा पडवीत एका मोटारीचे वेढे घालत बसले होते. अकराच्या सुमाराला दारात कुणी तरी खाकरलं आणि आईचा आवाज आला, "अगंबाई, तात्या! या की, आत या."

सखातात्या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करायला आला होता. हात पांढऱ्या पट्टीत, गळ्यात अडकवलेला. दुसऱ्या हातात पिशवी होती. याही वेळी त्यानं तांदूळ आणले होते. मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. तो माझ्याकडं बघून हसला. "बाळ, वाळलास की रं." आईनं हात बघितला आणि काही न विचारता ताट वाढलं. तो डाव्या हातानं भाकरी मोडायला लागला, तुकडा निसटून जमिनीवर पडला. आई त्याच्यासमोर बसली, त्याची भाकरी आमटीत कुस्करून दिली आणि चमचा पुढं ठेवला. धाकट्या भावाला करावं तसं. तो खाली मान घालून जेवला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

हात धुऊन तो पडवीत माझ्याजवळ येऊन बसला आणि खिशातून कोरा कागद काढला. "वरच्या सायबाला अर्ज करायचा हाय. इंग्रजीत लिव्ह, ती मान्सं इंग्रजीतच वाचत्यात. मी सांगतो, तू लिव्ह. तुझं अक्षर चांगलं हाय."

मी कागद घेतला. तो सांगू लागला आणि मी लिहू लागलो. त्याचं मराठी, माझं इंग्रजी.

"मी दोन रॉड काढलते. अलीकडचा मी सोता लावला. पलीकडचा शिकाऊ पोराकडं दिलता. त्यानं हिरवं निशान दावलं, मग मी वर चढलो. लिवलंस? आता म्होरं लिव्ह. पोरगं शिकलेलं हाय, आमच्याच भागातलं हाय, खोटं बोलनारं न्हाय. त्यानं लावला म्हनलं म्हंजे लावला. माझ्या नजरंनं मी लांबनं बघितलावता. मागनं सुटून पडला तर त्यात माझा काय दोष? तेवढं सायबानं बघावं."

माझं पेन 'खोटं बोलणारं नाही' या वाक्यावर अडलं. इंग्रजी शब्द येत होता, हात चालत नव्हता. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पडवीतली तारेची सरसर थांबली आहे. अण्णा साच्यावर हात ठेवून आमच्याकडं बघत होते. वेढे मोजताना ते आपणहून थांबल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"तात्या, तार तोडलीवती का?" त्यांनी विचारलं.

"व्हय की अण्णा. तोडून नवा सांधा घालायचा हुता."

"म्हंजे पलीकडचा तुकडा त्या एका रॉडवरच हुता."

"व्हय."

मग अण्णा माझ्याकडं वळले. "रॉड पडला तवा तू कुठं हुतास?"

"तिथंच," मी म्हणालो.

"किती लांब?"

"जवळच."

"तूच सांगितलंवतंस, लोखंडी आकडा हाय त्याला. खडीवर पडला तर आवाज येतोय. आला का आवाज?"

आई आतून चहाचे कप घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. सखातात्या एकदा अण्णांकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं. उलट तो माझी बाजू घेऊन म्हणाला, "अवो, गाडी चाललीवती अण्णा. त्या गोंगाटात पोराला काय आयकू येनार?"

"मी ह्याला इचारतोय. आवाज आला का?"

त्यानं माझी बाजू घेतली नसती तर मी कदाचित 'हो' म्हणून गेलो असतो. आजही मला तसंच वाटतं. पण त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडं बघून माझ्या तोंडून निघालं, "अण्णा, रॉड वर गेलाच न्हवता."

मग मी सगळं सांगितलं. क्लॅम्पचं, स्क्रूचं, खांबाला टेकवल्याचं. खडीत टाकल्याचंही. बोलताना मी रडत होतो आणि त्याची मला लाज वाटत होती, कारण तिथं रडायचा हक्क माझा नव्हता. अण्णांनी मला मारलं नाही. त्यांनी साच्यावरच्या तारेचं टोक धरलं आणि मोजणी तुटलेले वेढे एकेक करून उसवायला लागले. मान वर न करता म्हणाले, "फाड त्यो कागद. दुसरा घे. पहिल्यापास्नं लिव्ह, आणि आता तुझ्या नावानं लिव्ह."

मी लिहिलं. पानभरही झालं नाही. सखातात्या म्हणाला, "वाच." मी मराठीत वाचून दाखवलं. तो ऐकत होता आणि डाव्या हातानं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचत होता. मग तो म्हणाला, "चौकशीत सायबानं मला इचारलंवतं. पोरगं खोटं बोलत आसंल का? मी म्हनलो, साहेब, त्याच्या आईच्या हातचं मी जेवलोय." एवढं बोलून त्यानं चहा घेतला. कागद गुडघ्यावर ठेवून एका हातानं त्याच्या घड्या घातल्या. पोस्टात मी टाकतो म्हणालो, तर म्हणाला, "नगं. मीच टाकतो."

तो निघाला तेव्हा मी दारात त्याच्या पाया पडायला वाकलो. तो दोन पावलं मागं सरला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," म्हणाला.

अण्णा उरलेल्या सुट्टीत माझ्याशी बोलले नाहीत. मात्र निघायच्या दिवशी स्टेशनवर आले आणि गाडी सुटेपर्यंत माझी पिशवी स्वतःच्या हातात धरून उभे राहिले. आईनं चटणीचे दोन डबे दिले होते, एक माझा आणि एक तात्याचा, तो कामावर परत आला की द्यायला. मी तिला म्हणालो, तो घेणार नाही. ती म्हणाली, "तू दे तर."

पुन्हा चौकशी झाली. माझी शिकाऊ म्हणून उमेदवारी वर्षानं वाढवली आणि माझ्या कागदांवर एक शेरा पडला, तो निवृत्तीपर्यंत माझ्याबरोबर फिरला. माझ्यानंतरची पोरं माझे साहेब झाली. याबद्दल मी बायकोपाशी पुष्कळ कुरकुर केली आहे, कारण वर्षं लोटली की माणूस शिक्षेचा हिशेब ठेवतो आणि गुन्ह्याचा विसरतो. सखातात्याला परत घेतलं. शिडीवर चढायचं काम त्याला आता जमणार नव्हतं, म्हणून त्याला पत्र्याच्या शेडमध्ये स्टोअरवर बसवलं. रोज सकाळी टोळ्या निघायच्या आधी रॉड आणि क्लॅम्प त्याच्याकडून घ्यायचे.

नव्या शिकाऊ पोरांशी तो पूर्वीसारखाच वागायचा. "बाळ, स्क्रू फिरवून बघ आधी." "बाळ, लाज नगं धरूस, आटे गेले तर परत ये, मी बोलनार न्हाय." हे मी रांगेत उभं राहून ऐकायचो. माझा नंबर आला की त्याचा आवाज बदलायचा. आवाजात राग नसायचा, आणि तेच सहन व्हायचं नाही. तो स्टोअरवर बसला त्या पहिल्याच दिवशी चटणीचा डबा मी त्याच्यापुढं ठेवला होता. त्यानं डाव्या हातानं डबा जवळ ओढला. मग म्हणाला, "तुमच्या आईचं हाय म्हणून घेतो, साहेब." आठवड्यानं डबा घासून, पुसून परत दिला. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून आत मूठभर तांदूळ होते. ते आईसाठी होते, हे त्यानं मला नीट सांगितलं.

हल्ली आमच्या कोल्हापूरच्या रुळांवरही तारा आल्या आहेत. सकाळी फिरायला गेलो की फाटकापाशी थांबून मी त्या बघतो. अण्णांना त्या बघायला मिळाल्या नाहीत. तिथं काम चाललेलं असलं की माझी नजर आधी दोन्ही बाजूंचे खांब शोधते, आणि दोन्हीकडं रॉड दिसेपर्यंत मी पुढं जात नाही. बायको म्हणते, आता तुम्हाला कोण विचारतंय.

त्या छावणीतल्या माझ्या शेवटच्या सकाळीही मी रांगेत उभा होतो. बदलीचा हुकूम खिशात होता. सखातात्याला तो माहीत होता. मला वाटलं होतं, आज तरी तो काही बोलेल. माझा नंबर आला. त्यानं डाव्या हातानं एक रॉड काढून भिंतीला टेकवला, मग दुसरा काढला. दोन्ही क्लॅम्प माझ्यापुढं फळीवर ठेवले.

"दोन हायत, साहेब. बघून घ्या."

मी दोन्ही स्क्रू फिरवून पाहिले आणि वहीत सही केली.